रंगाखालची अक्षरं

आज दांडिया बाजारातून आत्याला घेऊन येत होतो, तर एका शाळेच्या फाटकापाशी ती थांबली ती हलेचना.

खाली इंग्लिश मीडियमचा चकचकीत बोर्ड, पण वरच्या कमानीचा रंग पावसाने सोलवटलाय आणि त्यातून जुनी काळी अक्षरं दिसतायत, 'मराठी प्राथमिक', 'ठी'ची वेलांटी तर अगदी ठसठशीत. आत्याने चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं. म्हणाली, "अरे, मी इथेच बाराखडी गिरवली. पायरी तीच आहे बघ, मधे झिजलेली."

मला बोलवेना. माझी लेक पण इंग्लिश मीडियमलाच, मीच घातलंय, बाहेर गुजराती फाडफाड बोलते, घरी मराठी, पण मराठी वाचायला दिलं की अडखळते.

आणि हे आपल्या बडोद्यात! सयाजीरावांनी १८९३ ला अमरेलीत मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ ला सगळ्या संस्थानात, तेही मुलांना कळेल अशा त्यांच्या भाषेत. इंग्लिश शिकू नये असं नाहीच म्हणत मी, पण त्यासाठी हे सगळं सुटायलाच हवं होतं का?

दिवाळीआधी रंग देणार म्हणे. मी फोटो काढून ठेवलाय. कोणाकडे त्या शाळेचे जुने फोटो आहेत का? आत्याला दाखवायचेत.