दातांत धरायचा मुखवटा: चिरेबोन, जोगजा, मलांग

इंडोनेशियातल्या जावा बेटावर मुखवटे कुठेही मिळतात. जोगजाच्या, म्हणजे योग्यकार्ता शहराच्या, मालिओबोरो रस्त्यावर तर ढिगाने लागलेले असतात, त्यामुळे शिकायला येणारेही तिथूनच सुरुवात करतात. कोरणं आणि नाचणं दोन्ही एकत्र शिकायचं असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे. आधी चिरेबोन, मग जोगजा, शेवटी मलांग, तिन्ही जावातलीच शहरं. चिरेबोनला नाचणारा आणि मुखवटा यांच्यातलं अंतर सगळ्यात कमी आहे, अगदी शब्दशः. मुखवटा दातांत धरतात, त्यामुळे कोरताना झालेली चूक पहिल्या पाच मिनिटांत जबड्याला कळते.

जकार्ताच्या गांबिर स्टेशनवरून चिरेबोन रेल्वेने साधारण तीन तास. शहरात दोन स्टेशनं आहेत, केजाक्सान आणि प्रुजाकान. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघूनच घ्यायला येणाऱ्याला सांगा. नाच शहरात कमी, गावांत जास्त. पश्चिमेला स्लांगित, पूर्वेला मध्य जावाच्या हद्दीला टेकलेलं लोसारी, उत्तरेला इंद्रमायू जिल्ह्यातलं पकांदांगान. पकांदांगानला या नाचाच्या नामवंत गुरू मिमी रसीना शिकवायच्या. त्या 2010 मध्ये गेल्या, पुढचं काम घरच्यांनी चालू ठेवलंय. प्रत्येक गावाची शैली वेगळी आहे आणि गुरू ती एकमेकींत मिसळू देत नाहीत. स्लांगितचं थोडं आणि लोसारीचं थोडं असा बेत कुणी करू नये. लोसारीत पाठ मागे झुकवायची गालेयोंग, एक पाय उचलून धरून ठेवायचा गांतुंग सिकिल असे प्रकार आहेत. गुडघे आणि कंबर धड नसेल तर ते झेपत नाहीत.

मूळ मुखवटे पाच. पांजी, साम्बा (काही ठिकाणी पामिंडो), रुम्यांग, तुमेंगुंग आणि क्लाना. पूर्ण कार्यक्रमात एकच नर्तक किंवा नर्तिका पाचही करते आणि त्याला दिवस जातो. पांजी पांढरा, अरुंद डोळ्यांचा, नाक सरळ आणि बारीक. क्लाना गडद लाल, डोळे वटारलेले, मिशा, कपाळावर सोनेरी कोरीव पट्टा. मधले तिघे या दोन टोकांच्या मधली पायरी-पायरी. रुम्यांग कुठे मधे येतो, तर कुठे अगदी शेवटी.

आता लाकूड. चिरेबोनकडे ‘कायू जारान’ वापरतात. आपल्याकडे मोई किंवा शिमटी म्हणतात तेच हे झाड, कोकणात कुंपणाला लावलेलं दिसतं. मऊ, हलकं, सुरीला विरोध न करणारं. मध्य जावात पुले, म्हणजे आपली सातवीण. तिकडेही सातविणीला झपाटलेलं झाड मानतात, ही गंमत सह्याद्रीत फिरलेल्यांना लगेच पटेल. सागाचा विचारही करू नका. साग टिकतो खरा, पण तेवढं वजन दातांवर तासभर पेलत नाही. तयार मुखवटा साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास बसायला हवा.

ओंडक्याचा वीतभर लांबीचा, म्हणजे 20 ते 22 सेंटिमीटरचा तुकडा करवतीने कापतात आणि कुऱ्हाडीने उभा दोन भागांत फोडतात. मधला गाभा काढून टाकायचा. तो राहिला तर वाळताना कपाळापासून नाकापर्यंत उभी चीर जाते आणि ती लांबी (पुट्टी) भरून झाकत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडते. सालीकडची बाजू चेहऱ्याला, गाभ्याकडची पोकळीला. तंतू कपाळाकडून हनुवटीकडे धावले पाहिजेत. हे एवढं जमलं की अर्धे अपघात टळतात.

कारागीर जमिनीवर बसतो आणि ठोकळा पायांच्या तळव्यांत धरतो. वाकसाने दोन्ही गाल उतरवून आधी मधे एक धार काढायची, तीच पुढे नाक. त्या धारेवर पेन्सिलने मधली रेघ मारायची आणि ती पुसली की पुन्हा मारायची. नवशिक्याचा चेहरा तिरका होतो तो याच कंटाळ्यापायी. मग आडव्या दोन खुणा, भुवयांची आणि नाकाच्या बुडाची. डोळ्यांच्या खोबणी पटाशीने, नाकपुड्यांचा आणि ओठांचा भाग बारीक सुरीने. नाक शेवटपर्यंत हवं त्यापेक्षा जाड ठेवायचं. लाकूड काढता येतं, लावता येत नाही, आणि पांजीचं नाक एकदा बसकं झालं की तो पांजी राहत नाही.

डोळे आणि नाकांचे प्रकार ठरलेले आहेत. भाताच्या दाण्यासारखा निमुळता डोळा सौम्य पात्रांना, सोयाबीनसारखा जरा फुगीर डोळा मधल्यांना, गोल वटारलेला उग्र पात्रांना. कारागीर हे मोजपट्टीवर दाखवत नाहीत. जुना मुखवटा शेजारी ठेवतात आणि बोट फिरवून बघायला सांगतात. आमच्या मते हीच पद्धत बरोबर, कारण दोन मुखवट्यांतला फरक बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरचा असतो आणि तो डोळ्याआधी बोटाला कळतो.

पुढची बाजू ढोबळ झाली की मगच पोकळी. आधी पोकळ केलं तर पायांत धरायला काही उरत नाही आणि पातळ लाकडावर मोगरीचा ठोका बसून गाल फुटतो. पोकळीला वाकड्या पात्याची सुरी लागते. भिंत 6 ते 8 मिलिमीटर ठेवायची, नाकामागे मात्र चांगलं खोल जायचं. स्वतःचं नाक आत टेकलं की मुखवटा त्याच्यावर डुगडुगतो. नाकपुड्या आरपार भोकं पाडून मोकळ्या करतात, ती सजावट नसते. तासभर श्वास तिथूनच घ्यायचा असतो.

आणि मग ती पट्टी. ओठांच्या मागे आतून आडवी बसवलेली चामड्याची, हल्ली पुष्कळदा रबराची, दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी. हीच दातांत धरायची. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंग डोक्याला बांधलेलं असतं, त्यामुळे मान आणि तोंड मोकळं राहतं. इथे सगळा भार चाव्यावर. डोळ्याच्या फटीपासून पट्टीपर्यंतचं अंतर नाचणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यापासून दातांपर्यंतच्या अंतराशी जुळावं लागतं. बहुतेकांचं ते सात सेंटिमीटरच्या आसपास असतं, पण मोजून घ्या. पट्टी खाली बसली तर अख्खा मुखवटा वर चढतो आणि फट भुवयांसमोर येते, दिसत काहीच नाही. पट्टी वर बसली तर फट गालावर उतरते आणि नाचणारा हनुवटी वर करून चालायला लागतो. प्रेक्षकांना तो पांजी गर्विष्ठ वाटतो, दोष मात्र सुताराचा. बाजारातल्या शोभेच्या मुखवट्यांत ही पट्टी नसते, किंवा असली तरी कुणाच्याही मापाची नसते. घेताना उलटा करून आधी तेच बघा.

पट्टी पुढच्या दातांनी हलकी धरायची. कचकचून चावलं की जबडा आखडतो, मग मान, मग खांदे, आणि पांजीच्या नाचात खांदा आखडला तर शेवटच्या रांगेतही दिसतं. लाळ गळते, त्याला इलाज नाही. गिळायची सवय हळूहळू होते. तालमीनंतर पट्टी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायची, नाहीतर दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. तालमीआधी एम्पाल गेंतोंग, म्हणजे तिथला गोमांसाचा दाट रस्सा, खाऊ नका. सागाच्या पानावर वाढलेला नासी जाम्ब्लांग बेताने चालतो.

रंगाचं थोडक्यात. जुनी पद्धत म्हणजे हाडं जाळून केलेली पांढरी भुकटी आणि ‘आन्चुर’ हा माशापासून केलेला सरस, त्यात रंगद्रव्यं. सरस जास्त झाला तर थर पापुद्र्यासारखा सुटतो, कमी झाला तर बोटाला रंग लागतो. आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅक्रिलिक वापरतात आणि शिकणाऱ्याने तेच वापरावं. नियम मात्र जुनाच आहे. पातळ हात, पूर्ण वाळवणं, बारीक पॉलिश पेपर, पुन्हा पातळ हात. घाईने दिलेला जाड थर मऊ लाकडावर हमखास तडकतो, आणि तडा पहिल्यांदा नाकाच्या बाजूला दिसतो.

नाच शिकवताना पहिला पांजीच देतात, आणि परदेशी विद्यार्थी इथेच वैतागतात. पांजीची धून ‘केम्बांग सुंगसांग’. गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, दाट, जोरकस, केंडांग हा ढोल सतत बोलत असतो आणि नाचणारा जवळजवळ स्थिर. पाय रुंद, गुडघे वाकलेले, वजन मधोमध. हात सावकाश उघडतो, मान किंचित वळते, संपलं. बाहेरचा गलबला अंगात शिरू द्यायचा नाही हेच कौशल्य. क्लानाचा पाय जोरात आपटणं महिन्याभरात जमतं, पांजीचं नुसतं उभं राहणं वर्षानुवर्षं जमत नाही असं तिथले गुरू सांगतात आणि ते खरं आहे.

प्रत्येक नाच साधारण तीन टप्प्यांत चढतो, संथ ‘डोडोआन’, मधला टप्पा आणि द्रुत ‘डेडेर’. टप्पा बदलल्याचा इशारा केंडांग देतो. मोजून नाचणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण केंडांगवाला नाचणाऱ्याकडे बघून वाजवतो आणि नाचणारा त्याला ऐकून. म्हणून ध्वनिमुद्रणावर तालीम केली तरी आठवड्यातून एकदा तरी माणूस वाजवत असताना करा. मुखवटा चढवल्यावर समोरचं नीट दिसत नाही, फक्त चार-पाच हातांवरची जमीन दिसते. वळल्यावर दिशा चुकते. त्यावर उपाय म्हणजे गोंगचा आवाज कुठल्या बाजूने येतो ते लक्षात ठेवणं. आधी मुखवट्याशिवाय आरशासमोर, मग न रंगवलेला कच्चा मुखवटा घालून, आणि शेवटी रंगवलेला. हनुवटी बोटभर वर गेली की चेहरा उर्मट दिसतो, बोटभर खाली गेली की झोपाळू. चेहऱ्यावरचे स्नायू कामाचे नाहीत, सगळा अभिनय मानेच्या मणक्यांत.

खेळाच्या सुरुवातीला नर्तक प्रेक्षकांकडे पाठ करून मुखवट्यांच्या पेटीसमोर बसतो आणि मुखवटा तिथेच चढवतो. पोशाखात सोब्राह हा झालरींचा जड शिरपेच असतो. तो कपाळावर घट्ट बसला नाही तर मुखवट्याच्या वरच्या कडेवर घासतो, म्हणून दोन्ही एकत्र घालून बघितल्याशिवाय मुखवट्याची कड अंतिम करू नये. क्लाना शेवटच्या भागात मुखवटा उलटा करून प्रेक्षकांत पैसे गोळा करतो. सुट्या नोटा खिशात असू द्या.

चिरेबोनहून जोगजा रेल्वेने चार-पाच तास. गुनुंगकिदुल भागातलं बोबुंग हे मुखवटे करणारं गाव आहे, पण तिथली खासियत लाकडावरचं बाटिक. मेण लावायचं, रंगात बुडवायचं, उकळून मेण काढायचं. रंगकाम शिकायला उत्तम. नाचायचा मुखवटा तिथे मागून घ्यावा लागतो, दुकानात ठेवलेला घेऊ नका. शहरातल्या सोनोबुदोयो संग्रहालयात जुने मुखवटे बघून घ्या, पुढे मलांगला फरक कळायला उपयोग होतो.

मलांगमध्ये सगळा हिशोब बदलतो. मुखवटे मोठे, कोरीव कपाळपट्ट्या भरगच्च, आणि पात्रंही कितीतरी जास्त, कारण इथे एकट्याचा नाच नसून पांजीची पूर्ण कथा होते. जेंगाला राज्याचा राजपुत्र पांजी, दाहाची राजकन्या सेकार्ताजी आणि तिच्या मागे लागलेला परदेशी राजा क्लोनो. पांजीकथांच्या हस्तलिखितांना 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत जागा मिळाली, पण इथे त्या गावच्या अंगणात रात्री बघायला मिळतात. पांजी हिरवा, सेकार्ताजी पांढरी, रागिल कुनिंग पिवळी. मुखवट्यामागून कुणी बोलत नाही. सगळ्यांचे संवाद बाजूला बसलेला डालांग, म्हणजे निवेदक, म्हणतो. बापांग या पात्राचं लाल, लांबच लांब नाक कोरताना तंतू आडवे पडतात, त्यामुळे पहिलं तुटतं तेच. नवशिक्याने बापांग शेवटी घ्यावा.

केडुंगमोंग्गो हे पाकिसाजी भागातलं गाव मलांग शहराच्या दक्षिणेला साधारण दहा किलोमीटरवर आहे. मुखवट्यांचे जुने गुरू मबाह करिमुन इथलेच. तिथल्या आस्मोरोबांगुन पडवीत सेनिन लेगीच्या रात्री खेळ होतो. सेनिन म्हणजे सोमवार, लेगी हा पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार. जावाचा पाच दिवसांचा आठवडा आणि आपला सात दिवसांचा आठवडा यांचा हा मेळ दर 35 दिवसांनी येतो. तारीख जावानीज कॅलेंडरवर आधी काढा आणि खेळ आहे ना हे फोनवर विचारून मगच बाकीचं तिकीट काढा, नाहीतर महिनाभर थांबावं लागेल.

परतताना मुखवटा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतला ओलावा रंग उचलतो. सुती कापडात गुंडाळा, नाकाभोवती कापडाची चुंबळ ठेवा, डबा हातातल्या सामानात घ्या. घरी आल्यावर थेट एसीखाली टांगू नका. आठ-दहा दिवस खोलीतल्या हवेत पडू द्या आणि पट्टीचे खिळे सैल झालेत का ते बघूनच पहिल्यांदा दातांत धरा.