तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लड कल्चरला तीन दिवस का?

"मॅडम, शुगरचा रिपोर्ट तासाभरात येतो, मग या कल्चरलाच तीन दिवस का?" आयसीयूबाहेर ताटकळलेले नातेवाईक लॅबच्या खिडकीशी येऊन हेच विचारतात.

शुगर फक्त मोजायची असते. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू शोधणं, आणि ते आधी वाढवावे लागतात. रक्तात ते इतके विरळ, की कधीकधी एका मिलीमध्ये एखादाच. म्हणून मोठ्या माणसाचं बाटलीमागे आठ-दहा मिली रक्त, तेही दोन वेगळ्या जागांहून. (एवढं रक्त कशाला काढता, हा दुसरा ठरलेला प्रश्न.) बाटली मशीनमध्ये उबेला ठेवतो. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाचा रंग पिवळा होतो आणि मशीन ओरडतं. त्यातला थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की लगेच वॉर्डला फोन. मग जंतू खाद्य असलेल्या प्लेटवर पसरवतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वसाहती, म्हणजे ठिपक्यांसारखे पुंजके दिसतात, तिसऱ्या दिवशी कोणतं औषध चालेल त्याचा निकाल. तोवर डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाहीत, अंदाजाने इंजेक्शन सुरूच असतं.

तो अंदाज हल्ली फार चुकतो. परवाचीच एका आजींची प्लेट. जंतू क्लेबसिएला. प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवतो; औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, तो आम्ही पट्टीने मोजतो. इथे मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकच्या चकतीला खेटून जंतू उगवले होते, मोजायचं काय? उरलं कोलिस्टिन. किडनीला बाधतं म्हणून 1970 च्या दशकात मागे पडलेलं हे औषध आता नाइलाजाने परत आलंय. ते चकतीतून नीट पसरत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. म्हणजे तुमचे तीन दिवस चारावर गेले.

जंतू बनवतात ते मेरोपेनेम फोडणारं एक एन्झाइम (रसायन) 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात सापडलं. त्याच्या नावात 'न्यू दिल्ली' आल्यावर आपण नावावरूनच जास्त भांडलो.

उलटंही होतं. एका काकांना थंडी वाजून ताप, बीपी घसरलेलं, संसर्ग रक्तात गेल्याची सगळी लक्षणं, आणि बाटली गप्प. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आधी मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या, पण साध्याच." खिशातून स्ट्रिप काढली. अँटिबायोटिकच होतं, दोन गोळ्या उरलेल्या. ते आधी पोटात गेलं की बाटलीत जंतू वाढणं अवघड. बाटली पाचव्या दिवसापर्यंत मशीनमध्ये ठेवली. बुडाचा रंग शेवटपर्यंत बदलला नाही.