चौथीची सहल: शिवनेरी आणि नाणेघाट एका दिवसात

चौथीच्या परिसर अभ्यासात शिवराय आहेत, म्हणून पुणे भागातल्या पुष्कळ शाळा शिवनेरीला जातात, पाळणा बघतात आणि परततात. या जानेवारीतल्या आमच्या सहलीत (४४ मुलं, ५ शिक्षक) नाणेघाटही जोडला होता. किल्ला नेमका इथंच का, हे मुलांना तिथं कळतं. कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाटावर चढायचा तो नाणेघाटाच्या वाटेनं. ती राखायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. आधी वाट, मग किल्ले.

पुण्याहून पहाटे साडेपाचला बस सुटली पाहिजे. जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. नाश्त्याचा थांबा धरून नऊला पायथ्याशी. आधी शिवनेरीच, कारण पायऱ्या चढायला ऊन कोवळं हवं. चढ-उतार आणि बघणं मिळून पावणेतीन तास ठेवा. कड्यावरून साखळी धरून चढायची वाट मुलांसाठी नाही. सात दरवाज्यांच्या पायऱ्यांनीच न्या.

दरवाजे मुलांनाच मोजू द्या. प्रत्येक दरवाज्याशी एकच प्रश्न: इथून समोरचं काय दिसतं? वाट वळल्यामुळे पुढचं दिसत नाही, हे तिसऱ्या-चौथ्या दरवाज्यापर्यंत मुलंच सांगू लागतात. शिपाई दरवाज्यानंतर उजवीकडे शिवाई देवीचं मंदिर आहे. शिवरायांचं नाव तिच्यावरून ठेवलं असं सांगतात. वर अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, आणि गंगा-जमुना टाकी. टाक्यांपाशी वेळ द्या. एवढ्या उंचीवर पाणी आलं कुठून? कातळात खोदलेलं टाकं पावसानं भरतं, अखंड काळ्या कातळातून पाणी सहज झिरपत नाही, आणि खोदलेला दगड बांधकामाला येतो. मग जन्मस्थानाची इमारत: १९ फेब्रुवारी १६३०. इथं भाषण नको, दोन मिनिटं शांतता पुरते. कडेलोटाच्या टोकाकडे मुलांना अजिबात नेऊ नका.

डबे गडावर उघडायचे नाहीत. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात आणि घाबरलेलं मूल पायऱ्यांवर पळतं, तिथंच पडझड होते. जेवण खाली आल्यावर. आग्या मोहळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरड बंद. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी, वापरातले बूट. नवे बूट घातलेल्या मुलांचे पाय उतरताना सोलतात. स्वच्छतागृहाची सोय जुन्नरमध्ये आधीच ठरवून ठेवा.

जेवून एकला निघालं की नाणेघाट सव्वादोनला. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा. ज्यांना बस लागते त्यांना पुढच्या बाकांवर बसवा, जेवण पोटभर नको. वाटेत माणिकडोह धरणाचं पाणी दिसतं. ती अडवलेली कुकडी नदी, तिचं नाव आत्ताच सांगून ठेवा.

पठारावर आधी दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. मुलांच्या हाती पुठ्ठ्याची नाणी आणि 'मिरी', 'कापड', 'मीठ' लिहिलेल्या चिठ्ठ्या द्या. दोघं जकातदार, बाकीचे व्यापारी. दहा मिनिटांत वाटेचा व्यवहार समजतो. पुठ्ठे मोजून परत घ्या.

मग बारा-बारांच्या गटानं नळीतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, थोडं उतरून लेण्यात. दगड ओबडधोबड आहेत, प्रत्येक गटाच्या पुढे एक शिक्षक आणि मागे एक हवा. पाच शिक्षकांत एका वेळी दोनच गट हलतात, उरलेली मुलं पाचव्या शिक्षकाबरोबर वर बसतात. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज उरलेत फक्त पाय, आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं. पायांचे जोड मोजायला सांगा, मुलं इथं आपोआप हळू आवाजात बोलतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांचे आकडे त्यात आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. शून्य नाही, म्हणून दहा, शंभर, हजाराला वेगवेगळी चिन्हं. शाळेत आधी फळ्यावर हे अंक काढून दाखवले असतील तरच मुलं भिंतीवर ते शोधतात, नाहीतर त्यांना नुसत्या रेघोट्या दिसतात. भिंतीला हात नाही, खडू तर मुळीच नाही.

वर आल्यावर कड्यापासून दहा-बारा पावलं आत मुलांना कोकणाकडे तोंड करून उभं करा. समोर पडलेला पाऊस उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्रात जातो. पाठीमागे पडलेला कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला. सकाळपासूनची कुकडी इथं जागेवर बसते. नकाशातली सह्याद्रीची रेघ मुलं इथं बोटानं हवेत काढतात.

कागद द्यायचाच तर पोस्टकार्डाएवढा एक, तीन चौकटींचा: दरवाजा, रांजण, पाण्याची दिशा. चार पानी प्रश्नावल्या बसमध्येच चुरगळतात.

एसटीचा प्रासंगिक करार (अख्खी बस भाड्यानं घेण्याचा) केल्यास शालेय सहलीला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी लागते. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं वेगळी. डिसेंबर-जानेवारी उत्तम. शिवजयंतीच्या आसपास गर्दी असते. पावसाळ्यात दगड निसरडे होतात.

पावणेचारला बसमध्ये पटसंख्या मोजा आणि निघा. जुन्नर तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडायच्या आत हमरस्त्याला लागलेलं बरं.