या कानाने, त्या कानाने

बायको बाल्कनीत तांदूळ निवडत बसली होती. आतल्या खोलीत मला ऐकू आलं, "अहो, तूप द्या जरा इकडे." मी बरणी घेऊन हजर. तिनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूप मागितलं होतं. तांदूळ पाखडायचेत, परतायचे नाहीत."

तसा मी बहिरा नाही. 'ऊप' व्यवस्थित आलं होतं, पुढचं अक्षर तेवढं वाटेत राहिलं. स्वर दणकट आणि खालच्या पट्टीतले, ते पोचतात. स, श, त, फ ही मंडळी नाजूक आणि वरच्या पट्टीतली. कानातल्या शंखात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्यांतल्या वरच्या पट्टीच्या पेशी शंखाच्या दाराशीच बसलेल्या असतात आणि वयाबरोबर आधी त्याच झिजतात. एकेका कानात या पेशी जेमतेम पंधरा-सोळा हजार. गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरच्या केसांचा अनुभव असल्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते पुढे. वडिलांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ कपाटात आहे. रात्री पंखा बंद करून ते एकेका कानाशी धरलं. उजव्या कानाला हातभरावरून टिकटिक ऐकू आली. डाव्याला चार बोटांवर आणलं तरी शांतता. मला वाटलं, घड्याळच बंद पडलं! पुन्हा उजवीकडे नेलं, तर बिचारं चालूच.

"या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात," ही बायकोची माझ्याबद्दलची जुनी तक्रार. त्यातला 'या' कोणता आणि 'त्या' कोणता, ते निदान त्या रात्री ठरलं.

नातवानं फोनवर एक ॲप काढून हेडफोन चढवला. एका वेळी एकाच कानात शिट्टी वाजते, ऐकू आली की बटण दाबायचं. अडीचशे हर्ट्झपासून सुरुवात, शेवट आठ हजारांवर. शाळेतल्या परीक्षेत केली नसेल एवढी लबाडी मी इथे केली. शिट्ट्या ठरावीक अंतरानं येतात असं लक्षात आल्यावर अंदाजानं बटण दाबत सुटलो. नातवानं फोन काढून घेतला आणि डोळे मिटायला लावले. डोळे मिटले की नसलेल्या शिट्ट्याही वाजतात, हा नवा शोध. निकाल मात्र घड्याळाचाच, डावा नापास.

मग त्यानं हेडफोन उलटा घालायला सांगितला. पोरगं हुशार आहे. दोष हेडफोनचा असेल तर आता उजवा कान नापास व्हायला हवा. पण डावाच पुन्हा नापास झाला.

इथे मी वयाच्या नावानं उसासा टाकणार होतो, पण वय असा पंक्तिप्रपंच करत नाही. म्हातारपण दोन्ही कानांना साधारण सारखंच वाढतं. एकच कान मागे पडला की कारण दुसरं असू शकतं आणि तो डॉक्टरांना दाखवायचा. (एक कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी, घड्याळं शोधत न बसता.) माझं कारण डॉक्टरांच्या चिमट्यात आलं, वाटाण्याएवढा मळ. त्याचं वर्णन नको. बाहेर पडलो तर डाव्या बाजूची रिक्षा अंगावर आल्यासारखी वाटली.

घरी आल्यावर बायकोनं स्वतः परीक्षा घेतली. डॉक्टर करतात तशीच, हातभर मागे उभं राहून कुजबुजायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत. दुसऱ्या कानाच्या भोकापुढचा उंचवटा मी बोटानं चोळत राहायचं, म्हणजे तो कान चोरून ऐकत नाही.

"साठ." साठ.

"तीन." तीन.

"सात." हात.

आता दोन्ही कानांचे गुण सारखे आले. म्हणजे उजवाही फार हुशार नव्हता, डाव्याच्या शेजारी बसून तसा दिसत होता.

शेवटी ती आणखी काहीतरी कुजबुजली. तो आकडा नव्हता, एवढं नक्की. नातू खो खो हसला. मी बोट चोळत राहिलो.