सिंह राहू द्या, गवत बघा

पहिला गोंधळ टांझानियातल्या अरुशात, सफारीच्या गाडीत बसण्याआधीच झाला. बायकोने सवयीने ड्रायव्हरला "दादा" अशी हाक मारली आणि तो खो खो हसत सुटला. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. भावाला म्हणतात 'काका'! मग काय, तिशीतला तो पोरगा आठवडाभर आमचा काका, आणि मी पन्नाशीचा त्याचा काका. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', चपातीला चपातीच. लाखाला 'लाकी'. हा शेवटचा शब्द पुढे फार कामाला आला.

आम्ही ताडोबावाले. वर्षातून एकदा तरी मोहर्लीच्या गेटवर पहाटे कुडकुडत उभं राहायचं, वानर खाकरलं की जिप्सी थांबवायची, चितळाचा कॉल कुठून आला यावर भांडायचं आणि चार सफारींत एकदा वाघाची पाठ दिसली की वर्षभर सांगत फिरायचं. जंगल म्हणजे लपवाछपवी, हे डोक्यात पक्कं. त्यामुळे टांझानियात पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. इथे लपायला जागाच नाही!

गोरोंगोरोचं विवर बघण्यासारखं आहे यात वाद नाही. सहाशे मीटर खोल, तळ सुमारे 260 चौरस किलोमीटर. कड्यावरून खाली बघितलं तर हत्ती मुंग्यांएवढे. गेंडा दिसला, दुर्बिणीतून, एका काळ्या ठिपक्याएवढा. जिराफ मात्र विवरात नाहीत. कडे फार उभे आणि त्यांना लागणारी बाभळीची झाडं खाली फारशी नाहीत. पण गाड्या इतक्या की सिंहाभोवती पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. दुपारी पाणघोड्यांच्या तळ्याकाठी डबा उघडला आणि एका घारीने माझ्या हातातली मेथीची पोळी झडप घालून नेली. काका म्हणाला, "गाडीत बसून खा म्हटलं होतं." म्हटलं होतं खरं.

मन लागलं ते न्दुतूत. सेरेंगेटीच्या दक्षिणेला, गोरोंगोरो संवर्धन क्षेत्राच्या हद्दीतला हा भाग. फेब्रुवारीत इथे वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप विणीसाठी येतात. स्वाहिलीत त्यांना 'न्यूम्बू' म्हणतात. "किती असतील?" मी विचारलं. काकाने काचेतून बाहेर हात फिरवला. "लाकी, लाकी, लाकी." आकडा खोटा नव्हता. एकूण तेरा-चौदा लाख धरतात, आणि त्यांतली चार-पाच लाख पिल्लं बहुतेक दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. तरस-सिंहांनी खाऊन खाऊन किती खायची? तेवढ्यात बाकीची पळायला लागलेली असतात.

सकाळी साडेनऊला एक मादी आमच्यापासून वीसेक पावलांवर बसली. मागून दोन खूर बाहेर आलेले. उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली. मग पिल्लू पडलं, ओलं, फिकट मातकट रंगाचं. मी घड्याळ लावलं. पहिल्यांदा उठायला गेलं आणि तोंडावर आपटलं. दुसऱ्यांदा मागचे पाय उभे, पुढचे गुडघे टेकलेले, जणू नमाजाला बसलंय. तिसऱ्यांदाही पडलं. सहाव्या मिनिटाला चारी पायांवर उभं, लटपटत, आणि आईच्या पुढच्या पायांत आचळ शोधायला लागलं. चुकीच्या टोकाला! वार पडायची वाट बघत काळ्या पाठीचे दोन कोल्हे शहाण्यासारखे थोडं लांब बसले होते. गाडीत कोणी बोलत नव्हतं. बायकोच्या कॅमेऱ्यात त्या वेळचा एकही फोटो नाही.

ही सगळी जनावरं विणीला इथेच का येतात, ते काकाने गाडीतूनच दाखवलं. क्षितिजापर्यंत एक झाड नाही. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्याने या मैदानावर पडत आली. त्यांतला ओल दोइन्यो लेंगाई, इथल्या गुरं पाळणाऱ्या मासाई लोकांचा 'देवाचा डोंगर', अजून जागा आहे. राखेतला चुना पावसाने खाली झिरपून जमिनीत फरशीसारखा कडक थर झाला. झाडाची मुळं त्यात शिरत नाहीत, गवत तेवढं वर उगवतं. आखूडच, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं. विणाऱ्या मादीला दुसरं काय हवं? शिवाय उघड्या रानात तरस लांबून दिसतो.

पण मला खरा धक्का दिला तो पुढच्या गोष्टीने. 1960च्या सुमारास इथे वाइल्डबीस्ट जेमतेम अडीच लाख होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेरा लाख. मधे काय झालं? शिकार थांबली म्हणून असेल, असं मला वाटलं. काकाने इंग्रजीत रोगाचं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बुळकांडी! आजोबांच्या तोंडी ऐकलेला शब्द. 'त्या साली बुळकांडीत बैलजोडी गेली,' एवढ्यावर ते वर्ष संपायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग एरिट्रियामार्गे आफ्रिकेत शिरला, बहुधा भारतातून नेलेल्या गुरांबरोबर, असं मानतात. मासाईंची गुरं आणि रानातली जनावरं दोन्ही मेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर आजूबाजूच्या गुरांना लस टोचली आणि रोग रानातूनही गेला. रानातल्या एकाही जनावराला कोणी सुई लावली नव्हती. 2011मध्ये बुळकांडी जगातूनच संपली.

उलट हिशेबही आहे. विणीच्या दिवसांत वाइल्डबीस्टच्या पिल्लांकडून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, म्हणून मासाई या काळात आपली गुरं या उत्तम गवतावरून दूर नेतात. परतताना रस्त्याकडेला लाल शुका पांघरलेला एक पोरगा गुरं हाकत उंचावर चालला होता. आता त्याच्याकडे फोटोपुरतं बघणं जमेना.

निघायच्या दिवशी एक चुकलेलं पिल्लू आमच्या गाडीमागे लागलं. आई हरवली की ती हलणाऱ्या कशाच्याही मागे जातात, तरसाच्यासुद्धा. त्याने टायरला नाक लावलं. काकाने गाडी अगदी सावकाश कळपाकडे नेली, ते मागे मागे आलं आणि धुळीत दिसेनासं झालं.

रात्री लॉजवर वायफाय मिळालं तेव्हा गावी बाबांना फोन लावला. सिंहांचं सांगितलं, त्यांनी नुसतं 'हं' केलं. बुळकांडीचं सांगितल्यावर मात्र आवाज बदलला.

"गवत केवढं होतं रे?"

"घोट्याएवढं. त्याहून उंच नाही."

"कोवळं आहे मग," बाबा म्हणाले. "दुभत्याला तेच लागतं."