तुटलेली बॅट

बेसबॉलपटू मारियानो रिव्हेराचा एक व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिलाय की आता पाठ झालाय. 4 नोव्हेंबर 2001, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा निर्णायक सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग. गंमत म्हणजे यात तो हरतो.

त्याच्या 652 सेव्ह्जपैकी (सेव्ह म्हणजे शेवटी येऊन राखलेला विजय) बहुतेक एकसारख्याच, खरं सांगायचं तर. बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर (चेंडू टाकणारे) थांबतात त्या जागेचं, दार उघडतं, हा शांतपणे पळत येतो, थोडेसे चेंडू टाकतो, हात मिळवतो, संपलं. दुसऱ्यांनी आठ इनिंग घाम गाळून मिळवलेली आघाडी याने शेवटी राखायची, एवढंच क्लोजरचं काम.

पनामातल्या पुएर्तो काइमितो या मच्छीमारांच्या गावात तो वाढला. 1995 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाकडून आला तो स्टार्टर म्हणून, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. तिथे जम बसला नाही, मग बुलपेन. 1997 मध्ये संघातल्याच रामिरो मेन्डोझाबरोबर नुसती फेकाफेकी करताना त्याचा सरळ चेंडू आपोआप वळायला लागला. आधी तर ही खोड मोडायचाच प्रयत्न झाला! मोडली नाही, म्हणून आपल्याला त्याचा कटर मिळाला. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा आणि अगदी शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या हातात घुसणारा. चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि बॅट काडीसारखी मोडते. सगळ्यांना ठाऊक असायचं कटरच येणार. तरी मोडायची.

तर त्या रात्री. अॅरिझोनात यजमान संघाविरुद्ध यांकीज 2-1 ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये रिव्हेराने तिघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद) केलेलं. नवव्यात मार्क ग्रेसचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका), मग एका साध्या बंटवर (बॅट नुसती लावून ढकललेला चेंडू) रिव्हेराचाच सेकंड बेसकडे वेडावाकडा थ्रो. (इथे मी दर वेळी व्हिडिओ थांबवतो. जगातला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस, आणि हा थ्रो?) टोनी वोमॅकच्या डबलने (दोन बेसच्या फटक्याने) बरोबरी. तिन्ही बेसवर धावपटू, एक आउट, धाव रोखायला इनफिल्ड, म्हणजे जवळचे क्षेत्ररक्षक, पुढे ओढलेलं. समोर डावखुरा लुईस गोन्झालेस.

कटर. हवा तिथे, हवा तसा. बॅट मोडली. चेंडू मेल्यासारखा उडाला आणि इनफिल्डमधल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून जाऊन गवतावर टपकला. जीटर नेहमीच्या जागी असता तर सहज झेल. विजयी धाव झाली, हातातोंडाशी आलेला घास गेला तो असा.

रिव्हेरा मान खाली घालून चालत बाहेर गेला. आदळआपट नाही, पंचांकडे रागाने बघणं नाही. त्यानंतर बारा वर्षं तो तोच चेंडू टाकत राहिला. 2012 मध्ये सरावात गुडघा गेला, तरी 43 व्या वर्षी परत येऊन 44 सेव्ह्ज. 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा सन्मान) 425 पैकी 425 मतं, असं आधी कुणालाच मिळालेलं नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी मिनेसोटाच्या संघाने त्याला एक डोलखुर्ची भेट दिली, मोडक्या बॅटींपासून बनवलेली. फोटोत तो तिच्यात बसून मनापासून हसतोय. मी मात्र उगाच एकेक तुकडा निरखत बसतो, गोन्झालेसची बॅट त्यात असणं शक्य नाही हे माहीत असूनही.