नाव घातलेला डबा

सातवीत एका वर्षात मी तीन डबे हरवले. तिसऱ्यावर तर आईने भांड्यांच्या दुकानातून माझं नाव घालून आणलं होतं, आडनावासकट. तोही गेला. बाबा ओरडले नाहीत. पेपर खाली ठेवून एवढंच म्हणाले, "तुला कशाचं गांभीर्यच नाही."

अडतिसाव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकू न देणाऱ्या मेंदूच्या जडणघडणीचं, निदान झालं. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. प्रत्येक सत्राला तोच शेरा: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. मिथाइलफेनिडेटच्या गोळ्या सुरू झाल्या. कपाट उघडल्यावर ते कशाला उघडलं हे आठवायला लागलं. वाटलं, सुटले.

मग गेल्या पावसाळ्यात घरची लाईट कापली गेली. खात्यात पैसे होते. बिल डायनिंग टेबलावर, पाण्याच्या जगखाली होतं. शेवटची तारीख मी विसरले, ते एडीएचडीमुळे, हे मला मान्य आहे. पण आठवल्यानंतर काय? रोज जेवायला बसलं की ती घडी दिसायची, पोटात गोळा यायचा आणि मी ताट उचलून हॉलमध्ये जायचे. नोटीस आली, तीही जगखाली गेली. ती घडी उघडली असती तर मला आकडा दिसलाच नसता, बाबांचं वाक्य दिसलं असतं. वायरमन कनेक्शन तोडून गेल्यावर अंधारात पहिला विचार आला तो हाच: बघ, खरंच होतं ना?

माझ्या समुपदेशक याला मूळ धारणा म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीतली ही कल्पना. येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांच्या खाली, बहुधा लहानपणीच बसलेला ठाम समज. मोठेपणी एडीएचडी कळलेल्या कितीतरी जणांच्या मनात 'मी नालायक', 'माझ्यातच खोट आहे' हे असं रुतून बसलेलं असतं. आणि ते स्वतःला पुरावे पुरवत राहतं: भीतीपोटी टाळायचं, टाळल्यामुळे बिघडायचं, बिघडलं की समज आणखी पक्का. गोळीने लक्ष लागतं. हे चक्र तिने थांबत नाही, निदान माझं तरी थांबलं नाही.

त्यांनी वहीत दोन रकाने आखायला लावले. डावीकडे 'गांभीर्य नाही' याचे पुरावे. ते मी दहा मिनिटांत पानभर लिहिले. उजवा रकाना कोराच. मग त्यांनी विचारलं, "ज्याला गांभीर्य नाही, तो माणूस बिलाच्या काळजीने रात्री दोनला जागा असतो का?" मी तिथेच रडले. कारण मी जागीच असायचे. डबा हरवला त्या दिवशीही शाळा सुटल्यावर तासभर बाकांखाली शोधत होते, हे मी घरी कधी सांगितलंच नव्हतं. उजव्या रकान्यात पहिली ओळ तीच लिहिली.

बाबांवर राग नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यानेही याला नैतिक नियंत्रणातला दोषच म्हटलं होतं. डॉक्टरांना स्वभाव आणि मेंदू यातला फरक कळायला एवढा काळ लागला, तर सांगलीत दुकान चालवणाऱ्या माणसाला तो कसा कळावा? शिवाय हे बरंचसं आनुवंशिक असतं. किल्ली हरवते म्हणून बाबा ती जानव्याला बांधून ठेवायचे. त्यांचं निदान मी करणार नाही. पण ते वाक्य त्यांनाही कुणीतरी ऐकवलं असेल, असं मला हल्ली वाटतं.

परवा फोनवर त्यांना लाईट कापल्याचं सांगितलं, आणि बाकांखाली डबा शोधल्याचंही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना. मी आलो असतो शोधायला."